कुत्र्यांचा तान्हा पोळा

बोरगाव मेघेच्या त्या कॉलनीत कुत्र्यांचा तान्हा पोळा भरवायची कल्पना हरिभाऊंची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत घरोघर फिरतात, तो तान्हा पोळा. पण कॉलनीतली पोरं पुण्याला नोकरीला लागलेली आणि त्यांच्या जागी घराघरात कुत्रे आलेले. मग कुत्र्यांनीच काय घोडं मारलंय, असं हरिभाऊ म्हणाले आणि कॉलनी समितीनं टाळ्या वाजवल्या. समितीचे सचिव हरिभाऊच होते.

पंचायत समितीत बत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातून बिनकागदाचं काही होत नाही. कार्यक्रमाला यायचं तर कुत्र्याचं लसीचं प्रमाणपत्र दाखवायचं; मग हरिभाऊ एक पिवळं कार्ड देणार, त्यावर समितीचा गोल शिक्का. चौदा कुत्र्यांची चौदा प्रमाणपत्रं त्यांनी चष्मा पुसून तपासली. तारीख, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. लस कशावरची हे त्यांनी पाहिलं नाही. सही त्या रकान्याखाली नव्हती. चौदाही लसी रेबीजच्या होत्या, एकाच फुकट शिबिरातल्या.

कॉलनीच्या फाटकाबाहेर इस्त्रीची गाडी लावणारी आनंदाबाई आपली लाली घेऊन आली होती. लाली तांबडी, गावठी, एका कानानं फाटकी. आनंदाबाई प्रमाणपत्र घरी विसरली होती, म्हणून लाली फाटकाबाहेर बसली. नियम म्हणजे नियम.

बाकी सोहळा देखणा झाला. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली ओळीनं कुत्रे, शिंगं नव्हती म्हणून कानांना बेगड. झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकी गाणी, म्हणून झाल्या. हरिभाऊंच्या पत्नी सुनीतीबाईंनी परातीत पुरणपोळ्या दुधात कुस्करल्या आणि तीच परात सगळ्यांपुढून फिरवली. पहिला मान मेजरचा. मेजर म्हणजे हरिभाऊंचं पाच महिन्यांचं लॅब्रॅडॉर, नागपूरहून आणलेलं, हरिभाऊंच्या मांडीशिवाय न झोपणारं. पोरगा पुण्याला गेल्यावर हरिभाऊ घरात ज्याच्याशी बोलत, तो हा. त्याला आठवडाभर जरा सर्दी होती. डोळ्यांत चिपडं, नाकाला पिवळा शेंबूड, मधूनमधून खोकला. सुनीतीबाईंनी ओल्या टॉवेलनं त्याचं तोंड पुसलं आणि त्याच टॉवेलनं उरलेली तेराही तोंडं पुसली. आपला-परका हा भेद त्यांना कधी जमला नाही. मेजर परातीत दोनदा शिंकला. लोक कौतुकानं हसले.

पितृपक्ष लागला तेव्हा कॉलनीत मरणं सुरू झाली होती.

आधी सगळ्या कुत्र्यांची नाकं वाहिली, मग जुलाब. मग नमिता मॅडमचा पग जबडा वाजवू लागला, तोंडात दाणे असल्यासारखा. तोंडाला फेस आला, तो आडवा पडला आणि पाय झाडत सोफ्याच्या पायावर डोकं आपटत राहिला, एक डोळा फुटेपर्यंत. तिसऱ्या दिवशी गेला. प्लॉटची दलाली करणाऱ्या सचिनच्या पॉमेरेनियननं, टॉमीनं, झटक्यात स्वतःचीच जीभ चावून तोडली. सचिननं रडत रडत त्याला अंगणात फावड्यानं मारलं, कारण दुसरं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. फावडं त्यानं धुतलं आणि शेजाऱ्याला दिलं. शेजाऱ्यालाही लागणारच होतं.

समितीची बैठक झाली. कुत्रे पिसाळले, हे सर्वानुमते ठरलं. पिसाळले म्हणजे कोणी तरी चावलं असणार, आणि कॉलनीत कार्ड नसलेलं एकच जनावर होतं. 'फेस येणारा कुत्रा, तसेच सदर रोगाचे मूळ, यांचा तात्काळ बंदोबस्त करावा,' असा ठराव झाला. हरिभाऊंनी शुद्धलेखन तपासून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजरचा मागचा पाय आपोआप उडायला लागला.

हरिभाऊंनी सेलूच्या जनावरांच्या डॉक्टर वर्षालीला बोलावलं. तिनं डोळे पाहिले, नाक पाहिलं, पंजाची गादी दाबून पाहिली. गादी वहाणेच्या तळव्यासारखी टणक झाली होती.

"काका, हा डिस्टेंपर आहे. रेबीज नाही."

"पण लस दिली आहे. प्रमाणपत्र आहे."

"ती रेबीजची. देवीची लस टोचली म्हणून कावीळ टळते का? याची लस वेगळी असते. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिली, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा, चार महिन्यांचं होईस्तोवर. मग एका वर्षानं. त्या पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला चार कुत्र्यांत न्यायचंच नाही."

"न्यायचंच नाही," हरिभाऊ म्हणाले.

"शिंकेतून उडतो हा. शेंबडातून, लाळेतून. एकाच भांड्यातून, एकाच फडक्यातून. आजारी कुत्र्याला कुरवाळून तसाच हात दुसऱ्याला लावला तरी पुरतं. माणसाला काही होत नाही. सर्दी कधीपासून होती याला?"

"पोळ्याच्या आधीपासून," सुनीतीबाई म्हणाल्या आणि हातातला टॉवेल त्यांनी जमिनीवर टाकला.

वर्षालीनं पोळ्याचे फोटो मोबाइलवर पाहिलेले होते. ती म्हणाली, "मग इथूनच निघाला. हे आजच सगळ्यांना सांगा, काका. आजारी कुत्रे वेगळे ठेवा म्हणावं, भांडी-फरशी ब्लीचच्या पाण्यानं धुवा, आणि ज्यांना अजून काही झालं नाही त्यांना माझ्याकडे पाठवा."

"हा वाचेल का?"

"झटके सुरू झालेले थोडेच वाचतात. पण वाचतात. औषध देते. अंधाऱ्या खोलीत ठेवा, गलका नको."

ती गेली. सगळ्यांना सांगायचं हे हरिभाऊंनी ठरवलं; फक्त कसं, हे ठरत नव्हतं. कालच्या ठरावात 'मूळ' हा शब्द त्यांनी स्वतः सुचवला होता. ते मेजरचं डोकं मांडीवर घेऊन बसले असतानाच कॉलनीच्या फाटकाकडून आरडाओरडा ऐकू आला. गलका घराकडे सरकू नये म्हणून ते चपला घालून निघाले.

फाटकाबाहेर वीसेक माणसं होती. काठ्या, क्रिकेटची बॅट, एक सळई. सळई सचिनच्या हातात. लाली इस्त्रीच्या गाडीखाली अंग चोरून बसली होती आणि आनंदाबाई पुढे उभी होती, हातात निखाऱ्यांची इस्त्री.

"सरक मावशी," सचिन म्हणाला. "तुले चावली त तूही जाशीन."

"तिले काई झालं नाई. फेस हाये का तिले? पाय उडते का? तुमच्या बंगल्यातले मरून राह्यले, माही लाली पितराच्या पोळ्या खाऊन राह्यली."

"तेच त म्हनतो. सगळे मरून राह्यले आन हे एकटीच काऊन धडधाकट?"

हा मुद्दा जमावाला पटला.

आनंदाबाईनं कमरेच्या चंचीतून एक घडी घातलेलं कार्ड काढलं. "डॉक्टरीणबाईनं तिले सुया देल्या हायेत. हे पाहा. साहेब, तुमाले कागद समजते. तुमी वाचून सांगा यायले."

हरिभाऊंनी चष्मा पुसला. दोन्ही लसी होत्या, रेबीजची आणि डिस्टेंपरची. बाटल्यांची लेबलं चिकटवलेली, तारखा सलग, यंदाचा डोस घेतलेला, खाली वर्षालीची सही. इतका पुरा कागद त्यांनी नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला होता. अख्ख्या कॉलनीत या रोगापासून सुरक्षित असलेला एकच कुत्रा त्या गाडीखाली बसला होता. हे सांगायला तीन वाक्यं पुरली असती. पण तिसऱ्या वाक्यात मेजर येत होता, आणि हरिभाऊंचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

"यावर समितीचा शिक्का नाही," ते म्हणाले.

वाक्य खरं होतं.

सळईचा पहिला फटका लालीच्या पाठीवर बसला. कणा मोडल्याचा आवाज ओल्या काडीसारखा आला. पुढच्या दोन पायांवर ती मागचं धड ओढत गाडीच्या चाकाशी गेली. कोणी तरी शेपटी धरून तिला परत ओढलं. आनंदाबाईनं इस्त्री फेकून मारली, झाकण उघडून निखारे सांडले, एकाचा पाय भाजला, आणि त्याच रागात त्यानं बॅट लालीच्या तोंडावर घातली. दात डांबरावर पडले. आनंदाबाईला दोघांनी नालीत लोटलं. जमावात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी दोनच काठ्या मारल्या आणि इतरांना शिस्तीनं मारायला सांगितलं. लालीचं डोकं चपटं झालं तरी पोट वरखाली होत होतं, म्हणून पोटावर मारलं. ती एकालाही चावली नाही, हे नंतरही कोणाच्या लक्षात आलं नाही.

हरिभाऊ कार्ड हातात धरून उभे होते. तेवढ्यात त्यांच्या घरातून मेजरचं केकाटणं आलं, लांब, चिरकं, थांबतच नसलेलं.

सगळ्या माना वळल्या.

"मेजर काय, साहेब?" सचिननं विचारलं. सळईवरून रक्त ओघळत होतं.

हरिभाऊ धावले. या वयात ते धावू शकतात हे त्यांनाही माहीत नव्हतं. मागून जमाव धावला. मारून मारून त्यांचे हात गरम झाले होते. मेजर खोलीतून फरपटत व्हरांड्यात आला होता, आडवा, जबडा वाजवत, फेसानं माखलेला. सुनीतीबाई दारात हात पसरून उभ्या होत्या.

"हा डिस्टेंपर आहे," हरिभाऊ धापा टाकत म्हणाले. "रेबीज नाही. माणसाला होत नाही. माझ्या मेजरपासूनच सगळ्यांना लागला."



"आमच्या टॉमीले तुमच्यापासून लागला?" सचिन म्हणाला. "मंग मघाशी काऊन नाई सांगतलं?"



"आता सोताचा हाये म्हनून बोलून राह्यले," मागून कोणी तरी म्हणालं. "खोटं हाये. ठरावात काय लिहिलं हाये?"

सचिननं सळई उचलली. हरिभाऊ मेजरवर आडवे पडले. फटका कोपरावर बसला आणि हाड कातडीतून बाहेर आलं. दुसरा खांद्यावर. तिसरा बसायच्या आत मेजरचा जबडा, जो कोणाला ओळखत नव्हता, हरिभाऊंच्या अंगठ्यावर बंद झाला. हरिभाऊ ओरडले. फेस लाल झाला.

जमाव एकदम चार पावलं मागं सरला.

"साहेबाले चावला," मुख्याध्यापक म्हणाले. "कोणीही त्यांना हात लावू नका."

सचिन सळई टाकून मागं मागं गेला, पायरीला अडखळून पडला, उठला. आतल्या दोघांकडे कोणी पाहिलं नाही. घराचं फाटक बाहेरून ओढून कडीला साखळी गुंडाळली गेली. सुनीतीबाईंनी लुगड्याच्या पदरानं अंगठा बांधला, मेजरला कुशीवर वळवलं आणि वर्षालीला फोन लावला.

थोड्या वेळानं आनंदाबाई फाटकाशी आली. नालीतला चिखल आणि लालीचं रक्त, दोन्ही अंगावर वाळलेलं.

"साहेब, माहं कार्ड द्या."

हरिभाऊंनी धड असलेल्या हातानं कार्ड गजांतून दिलं. त्यावर आता त्यांच्या अंगठ्याचं रक्त लागलं होतं.

"मी सांगतो सगळ्यांना, आनंदाबाई. आता लगेच सांगतो. तिला लस होती."

"मघाशी आयकलं असतं तुमचं," ती म्हणाली. "आता कोन आयकते. तुमाले चावला हाये."

आणि ती लालीसाठी पोतं शोधायला गेली.