वेगनाथ महाराजांचा तागा

"बारा सेकंद एक्केचाळीस!"

धम्मपाल सरांनी घड्याळावरचा आकडा वाचला मात्र, अंजूरच्या खाडीकाठी गोदामासाठी भराव टाकलेल्या त्या मोकळ्या जागेवर एकच कल्ला उठला. हमाल ट्रकच्या टपावर चढून शिट्ट्या मारू लागले, बायका पोरीच्या पायांना हात लावायला धावल्या, आणि पोरीचा बाप काळूरामशेठ, ज्याची ही जागा, तो तर सरळ महाराजांच्या पायांवर आडवा! सोळा वर्षांची ऋतिका कमरेत वाकून धापा टाकत होती. दिवाळीच्या आधी हीच पोरगी शंभर मीटरला तेरा सेकंद अडतीस घेत होती. आज जवळजवळ एक सेकंद गायब. अहो, एक सेकंद म्हणजे काय चेष्टा आहे? दशांशभर वेळ कमी करायला माणसं वर्षं घालवतात.

वेगनाथ महाराज खुर्चीत बसून मंद हसत होते. अंगावर भगवी लुंगी, पायांत मात्र पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज.

"ये तो कुछ भी नहीं," ते माइकवर म्हणाले. "ऑगस्टात बीजिंगला तो जमैकावाला नऊ एकोणसत्तरमध्ये पळाला, टीव्हीवर पाहिलंत ना? शेवटी छाती बडवत हळू का झाला? मी इथून सांगितलं, बस कर बेटा, जगाला झेपायचं नाही! आता ऋतिकाला मी हप्त्याला एक सेकंद देतो. पुढच्या रविवारी अकरा, त्याच्या पुढच्या रविवारी दहा. बायकांचा जागतिक विक्रम किती? दहा एकोणपन्नास. गेला!"

हिशेब सगळ्यांना पटला. याच हिशेबाने फेब्रुवारी उजाडेपर्यंत पोरगी निघायच्या आधीच पोचली असती, पण तेवढा पुढचा विचार करायला तिथे सवड कुणाला होती?

सगळ्यात वाईट म्हणजे या चमत्काराचे साक्षीदार खुद्द धम्मपाल सर होते. गावच्या शाळेचे खेळाचे शिक्षक, आणि वेळ मोजण्याच्या बाबतीत महा खवट माणूस. शर्यत सुरू करायला आपटतात त्या लाकडी फळ्यांचा आवाज ऐकून ते कधी घड्याळ दाबत नसत. आवाज शंभर मीटर यायलाच पाव सेकंदाहून जास्त घेतो, म्हणून फळ्या मिटताना दिसल्या की अंगठा खाली. असा माणूस सांगतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? महाराजांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. कागदावर सही घेतली होती : अंतर शंभर मीटर, वेळ १२.४१.

अंतरही सरांनी स्वतः तपासलं होतं, हो! महाराजांचं म्हणणं, उघड्या मातीवर कृपा उतरत नाही, पायघडी पाहिजे. मग त्यांचा भक्त केसरीनाथ, त्याचे भिवंडीत लूम, त्याने सुती कापडाचा कोरा तागा आणला. लूमवरून नुकता उतरलेला, टोकाला शिक्का : १०० मीटर. सरांनी केसरीनाथाच्या टेबलावर उभं राहून तो मीटर मीटर मोजला. बरोबर शंभर भरला. पुढे तीन दिवस महाराजांनी तो हळदीच्या तीर्थात भिजवून, वाळवून शुद्ध केला आणि रविवारी मैदानावर अंथरला. पिवळ्या पट्टीच्या एका टोकाला पोरगी, दुसऱ्या टोकाला सर. घड्याळ खरं, अंगठा खरा, शिक्काही खरा. मग आकडा खोटा कसा म्हणायचा?

खेळ एवढ्यावर थांबला असता, तर सरांनी हात जोडून सोडून दिलं असतं. पण ऋतिकाला लहानपणापासून दमा होता. सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा, आणि पळण्याआधी एक वेगळा, निळा. महाराजांनी त्याच दिवशी फर्मान काढलं, "या नळीत विलायती वारं भरलंय. ते आत बसलं की देवाचा वारा बाहेरच राहतो." काळूरामशेठनी दोन्ही पंप सगळ्यांसमोर खाडीत भिरकावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सर दुसऱ्या दिवशी काळूरामशेठच्या घरी गेले. "दादा, निदान डॉक्टरांना विचारा. बरं वाटतंय म्हणून हे औषध बंद करायचं नसतं."

"सर, तुम्हीच तं टायम मोजला ना?" काळूरामशेठनी हसतच चहा पुढे केला. "मंग तुमचेच आकड्यावं तुमचा भरोसा न्हाय?"

सर चहा पिऊन परत आले. त्यांनी घड्याळ तीन घड्याळांशी ताडून पाहिलं. वारा पाठीमागून होता का, आठवून पाहिलं. स्वतःच्या अंगठ्यावरही संशय घेतला. शाळेत ऋतिका भेटली, तेव्हा दोन जिने चढून भिंतीला टेकून उभी होती. "काही नाही सर, जुनं वारं बाहेर पडतंय," ती म्हणाली.

गुरुवारी त्यांची बायको संघरत्ना मशीनवर बसली होती. सरांना झब्बा हवा होता, कापड समोरच पडलेलं. "शिवून टाक की लगेच," सर म्हणाले.

"कोरं सुती कापड आहे, आधी भिजवायला नको? तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात बेंबीपर्यंत वर जाईल. मग मलाच बोल लावाल."

सरांनी उठून त्या कापडावर पेन्सिलीने एक मीटर आखला, बादलीत बुडवला आणि दोरीवर टाकून समोर खुर्ची घेऊन बसले. वाळल्यावर मोजला. ब्याण्णव सेंटिमीटर!

हात् तिच्या मायला! शंभर मीटरमागे आठ मीटर. ऋतिका भरवेगात असताना आठ मीटरला साधारण एक सेकंद लागतो. तोच तो कृपेचा सेकंद. आख्खी भिवंडी कापडावर जगते, कापड आटतं हे शेंबडं पोरही जाणतं, आणि हजार माणसांतल्या एकालाही सुचू नये? आणि आपल्याला? केसरीनाथाच्या कामगारांकडे चौकशी केली तेव्हा कळलं, महाराज संसारात असताना एका डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, धुवायच्या खात्यावरच होते.

रविवारी गर्दी तिप्पट. यावेळी सर तीस मीटरची पोलादी फीत घेऊन आले. त्यांनी माइक मागून घेतला आणि दोन माणसांना फीत धरायला लावून सगळ्यांसमोर पिवळी पट्टी मोजली. तीस. साठ. नव्वद. आणि वर दोन.

"ब्याण्णव!" सर ओरडले. "मंडळी, तागा शंभराचाच होता, मीच मोजलाय. भिजवल्यावर आटला. तुमच्या पोरांचे युनिफॉर्म आटतात की नाही? तसाच! ही पोरगी शंभर मीटर पळालीच नव्हती. मी चुकीच्या कागदावर सही केली, मला माफ करा. पण तिचा पंप तिला परत द्या."

माणसं पुढे वाकून फितीवरचा आकडा वाचू लागली. सरांना वाटलं, जिंकलो.

महाराज सावकाश उठले. त्यांनी डोळे मिटून दोन्ही हात वर केले. "मास्टरजींनी आज मोठं काम केलं. जे मी गुप्त ठेवलं होतं, ते उघड केलं. कापड आटलं नाही, बच्चों. पोरीसाठी मी जमीन आखडून घेतली! जमिनीबरोबर कापडही आलं!"

"वेगनाथ महाराज की जय!" असा काही आवाज उठला की पलीकडे खाडीवरचे बगळे उडाले. केसरीनाथ रडत फितीच्या पाया पडला. फितीच्या! एक म्हातारी सरांना समजावू लागली, "बाला, तू देव मानत न्हायस, म्हनून तुला कापड दिसतंय."

आणि इथे सरांचं डोकं फिरलं. "असं? मग फितीने पुरे शंभर मोजतो, त्यावर पळवा तिला! बघू काय येतं ते!"

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना ऋतिका दिसली. बापाच्या बाजूला उभी, खांदे वर ओढून श्वास घेणारी. "नको," सर म्हणाले, "तिला नका पळवू, मी चुकलो." पण आता कोण ऐकतंय? महाराजांनी मान डोलावली होती, काळूरामशेठनी पोरीच्या कपाळाला अंगारा लावला होता. सर आडवे गेले, त्यांना चौघांनी धरून शेवटच्या रेषेवर आणून उभं केलं. "मोजा सर. तुम्हालाच पायजे व्हता ना?"

फळ्या मिटल्या. अंगठा सवयीने खाली गेला. ऋतिका सत्तर मीटरपर्यंत छान आली, मग पाय जड झाले. रेषा ओलांडली तेव्हा सगळे घड्याळाकडे धावले. आणि सर? त्यांनीही आधी घड्याळच पाहिलं. तेरा सेकंद एक्काहत्तर. मग वर बघितलं, तर पोरगी मातीत गुडघ्यांवर, ओठ निळे, छातीतून शिट्टीसारखा आवाज.

"पंप! कुणाकडे पंप आहे का?" एवढ्या मोठ्या जमावात एकही नव्हता. महाराज तीर्थ शिंपडत होते. सरांनी तिला उचलली, रिक्षात घातली. खड्ड्यांच्या त्या रस्त्यावर भिवंडीचं हॉस्पिटल येईपर्यंत सर तिचे श्वास मोजत होते आणि मध्येच एखादा यायला उशीर झाला की देव न मानणारा तो माणूस हात जोडत होता.

वाचली. मास्कमधून औषधाची वाफ गेली, सलाइन लागलं, दोन तासांनी ओठांना रंग आला. डॉक्टरांनी मागोमाग आलेल्या काळूरामशेठना झाड झाड झाडलं, नवीन पंप हातात दिला आणि बजावलं, आज संध्याकाळपासून, एक दिवससुद्धा खाडा नको. काळूरामशेठ पंप मुठीत धरून फोन करायला बाहेर गेले.

ऋतिकाने मास्क जरा बाजूला केला. "सर, माझी श्रद्धा कमी पडली का?"

सरांना रडूच कोसळलं. "नाही गं बाळा. कापड आटलं होतं, तू नाही. ते तेरा अडतीस तुझे स्वतःचे आहेत, त्यातला एक शतांशही कुणी दिलेला नाही. कुणी काही देतो म्हणाला, तर कुठून आलं ते विचारायचं, मोजून बघायचं. मी सांगितलं तरी मोजून बघायचं. आणि आज माझ्यासाठी तू पळालीस, ती चूक माझी."

तिने मास्क पुन्हा नाकावर ओढला. पटलं की नाही, कळेना.

काळूरामशेठ आत आले. डोळे लाल, पण चेहरा उजळलेला. "सर, म्हाराज म्हनतान, पंप घेतला तरी चालंल. फकस्त पहिला त्यांच्या हातून फुंकून घ्यायचा. मंग विलायती वारं निघून जातं."

सरांनी तोंड उघडलं. डाइंगचं खातं, ब्याण्णव सेंटिमीटर, आठ मीटर, सगळं जिभेवर आलं. पलंगावर पोरगी मोठ्या कष्टाने एकेक श्वास आत ओढत होती.

"फुंकून आणा, दादा," ते म्हणाले. "पण संध्याकाळच्या आत आणा."