नदीकाठचे पाच खडे

मेधाच्या सासरी गौरी मुखवट्यांच्या, माहेरी खड्यांच्या. आई शेवटची काही वर्षं परदेशात, हौगांगच्या फ्लॅटमध्ये लेकीकडेच राहिली, पण आपल्या गौरी तिनं सोडल्या नाहीत. आवाहनाच्या सकाळी तोंडात पाण्याची चूळ धरून ती खाली नदीवर जायची, काठावरचे पाच खडे उचलायची आणि कुणाशी अक्षरही न बोलता घरी यायची. लिफ्टमध्ये शेजारच्या मिसेस टॅन ‘गुड मॉर्निंग’ म्हणायच्या आणि आई फुगलेल्या गालांनी नुसती मान हलवायची. या बाईंची दाढ वर्षातून एकदा दुखते, असा मिसेस टॅनचा पक्का समज होता. विसर्जनाच्या दिवशी तेच खडे परत नदीत जायचे.

जानेवारीत आई गेली. मेधाला ना भाऊ, ना भावजय. म्हणजे त्या गौरी आता कुणाच्याच नव्हत्या. पुण्याच्या मावशीनं फोनवर स्पष्टच सांगितलं, की लग्न झालेल्या मुलीनं माहेरच्या गौरी आणायच्या नसतात, आणि वर्षाच्या आत तर नाहीच नाही. मेधानं ऐकून घेतलं. तिला कुळाचार चालवायचाच नव्हता. आई जिथून आणायची तिथूनच फक्त एकदा खडे आणावेत आणि आईच्या पाटावर मांडावेत, एवढंच तिच्या मनात होतं. दोन दिवस घरात आई आल्यासारखं वाटलं असतं.

अडचण नदीची होती. दोन वर्षांपूर्वी एका बिल्डरला तिथं पाण्यावर झुकणारी कॅफेची गच्ची बांधायची होती. रहिवाशांची मतं मागवली, तेव्हा आई चांगली साडी नेसून सभेला गेली, हात वर केला आणि मराठीतच बोलली. मेधानं शेजारी उभं राहून ते इंग्रजीत सांगितलं: आज एकाला हातभर जागा द्याल, उद्या दुसरा येऊन हातभर मागेल, नदीला तिचा काठ असू दे. गच्ची नामंजूर झाली. पुढे तो सगळा पट्टाच संरक्षित ठरला. तिथं काही बांधायचं नाही, काही लावायचं नाही, तिथून काही न्यायचं नाही. बुटक्या कुंपणावर तशी पाटी लागली, ती बघायला मात्र आई नव्हती.

मेधा या शहरात कधी टॅक्सीच्या रांगेतसुद्धा मध्ये घुसली नव्हती. तिनं ईमेल करून परवानगी मागितली आणि सभ्य शब्दांत नकार आला.

“नर्सरीत मिळतात की पांढरे गोटे. शेवटी दगडच ना?” अश्विन म्हणाला. मग बायकोच्या चेहऱ्याकडे बघून तो मुकाट्यानं चहा टाकायला उठला.

आवाहनाच्या सकाळी मेधानं चूळ भरली आणि ती खाली उतरली. कुंपण गुडघ्याएवढंच होतं. ते ओलांडण्याआधी तिनं दोनदा मागे बघितलं. पाण्याच्या कडेला खडेच खडे होते. आई गुळगुळीत बघून घ्यायची, की हाताला लागेल तो? पहिला खडा गार लागला, आणि आईचा ओला हात हातात आल्यासारखं वाटून ती तशीच बसून राहिली. मग भराभर बाकीचे उचलले.

“आँटी, हातात काय आहे?”

काठावर रोपांना चिठ्ठ्या बांधणारी एक तरुण अधिकारी मुलगी तिच्याकडे बघत होती. मेधानं मान हलवली. मुलीनं तेच हळू, सुटं सुटं करून विचारलं. मग बाईंना ऐकू येत नसावं असं वाटून तिनं खाणाखुणा केल्या, आणि शेवटी आपला फोनच पुढे केला. लिहायला हरकत नव्हती. मेधानं लिहिलं: मी आईला घरी न्यायला आले आहे.

मुलीचा चेहरा उतरला. “अस्थी? इथं?”

मेधानं इतक्या जोरात मान हलवली की ओठांच्या कडेनं थेंब ओघळला. तिनं मूठ उघडली. खडे बघून मुलीनं श्वास सोडला. ती रागावली नाही. दंड करणार नाही, म्हणाली. पण हे खडे माती धरून ठेवायला घातलेत, ते जिथल्या तिथं ठेवा.

“तुम्हाला पाच दिले, तर उद्या दुसरं कुणी पाच मागेल, आँटी.”

वाद घालता आला असता. मेधाकडे शब्द कमी नव्हते. पण त्यासाठी तोंडातलं पाणी टाकावं लागलं असतं, आणि वाद या मुलीशी झालाच नसता. तो आईशी झाला असता. ती वाकली. एकेक खडा पाण्याच्या कडेला ठेवला. शेवटचा ठेवताना बोटं जरा रेंगाळली. मग ती वळली आणि चूळ तशीच धरून घरी आली.

दारात तिची लेक श्रिया तांब्या घेऊन उभी होती.

“आजी नाही, आय नो लाह,” इथल्या मुलांसारखा शेवटी ‘लाह’ लावत ती म्हणाली. “पण मी विचारू का?”

खडे घेऊन आलेल्या बाईच्या पायांवर पाणी घालायचं आणि एक प्रश्न विचारायचा, एवढं आजीनं नातीला शिकवलं होतं. श्रियानं तांब्या कलता केला आणि अडखळत विचारलं, “गौर कशाच्या पावलांनी आली?”

आजी दरवर्षी ‘सोन्याच्या’ म्हणायची. मेधाचे दोन्ही हात मोकळे होते. श्रियाला ते आत्ता दिसलं आणि पाण्याची धार थांबली.

मेधानं तोंडातलं पाणी गिळलं. ते केव्हाच कोमट झालं होतं.

“नाही आली गं,” ती म्हणाली. “काठावरच राहिली.”

यावर काय म्हणायचं ते श्रियाला कुणी शिकवलं नव्हतं. मग तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं आईच्या पायांवर घातलं, आणि हाताला धरून तिला आत घेतलं.