बटणांची डबी

शिवणकारखान्यातल्या मावशींच्या डबीत बटणांबरोबर लघवीच्या जळजळीवरच्या गोळ्याही असत. डॉक्टर पाच दिवसांच्या देत. दोन दिवसांत बरं वाटलं की मावशी उरलेल्या जपून ठेवत. मशीनवरच्या कुणाला त्रास झाला की म्हणत, "घे गं, दोन पुरतात!"

आज त्यांची लेक तापाने फणफणून इस्पितळात पडली होती. डॉक्टरीणबाईंनी लघवीचा रिपोर्ट पुढे धरला.

"नेहमीच्या एकाही गोळीला जंतू दाद देत नाहीत. हिला अर्धवट गोळ्या कोण देत होतं?"

मावशींचं डोकंच फिरलं. "कोण ती अक्कलशून्य बाई? नाव सांग, झिंज्याच उपटते तिच्या!"

लेक क्षीण आवाजात म्हणाली, "तुझ्याच डबीतल्या घ्यायचे, आई. न विचारता. दोन-दोनच."

मावशींनी पिशवी पाठीमागे सरकवली. पिशवीतली डबी खुळखुळली.