तांबडं फडकं

“सर, पहिला पाइप तुमच्याच हाती शोभेल,” मंजुश्री गोड आवाजात म्हणाली.

मेहकरजवळच्या त्या तळ्याकाठी मातीदिनाचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे होते तिचे जुने मार्गदर्शक, डॉ. अर्जुनराव. ते नाव तिनेच हट्टाने सुचवलं होतं. गडी पांढरी पँट घालून आला होता, हे तर तिचं नशीबच.

तळात पाइप रोवून त्यात भरून येणाऱ्या गाळाच्या थरांवरून तळ्याचा इतिहास वाचायचा, हे संशोधन तिने याच तळ्यात सुरू केलं होतं. दुसरबीडहून तिची आई भिमाबाई सोबत यायची, कंबरभर पाण्यात पाइप धरून उभी राहायची. उपसलेल्या पाइपातला ओला गाळ निसटू नये म्हणून खालच्या तोंडाला आपल्या लुगड्याचं तांबडं फडकं बांधायची. ते पाइप अर्जुनरावांनी परस्पर लाटले, स्वतःच्या नावाने शोधनिबंध छापला आणि ‘तुझं काम कच्चं आहे’ म्हणून मंजुश्रीला घरी बसवलं. तिने दुसरीकडे सगळं पहिल्यापासून केलं. पण लेक डॉक्टर झालेली बघायला भिमाबाई उरली नाही. हे मंजुश्री कधीच विसरणार नव्हती.

निबंध वाचून मात्र तिला हसू फुटलं होतं. पठ्ठ्याने फडक्याचं टोक वरचं समजून अख्खं तळं उलटं वाचलं होतं! तळचा मुरूम वर, वरचा काळा गाळ खाली, आणि त्यावरून तळं फार पूर्वीच आटून मेल्याचा सिद्धांत. ती गप्प राहिली. चढू दे वर, तिने ठरवलं. आपटेल तेव्हा आवाज तरी मोठा होईल.

सरपंच रामरावांनी पाइप उपसून दिला. आज फडकं बांधलेलं नव्हतं. अर्जुनरावांनी तो लोकांसमोर उभा धरला. “वरच्या तोंडाशी बघा, हा मुरूम...” ते अडखळले. वर काळाभोर गाळ चकाकत होता. “पाइप उलटा झालाय.”

“उलटा कसा होईन साहेब?” रामराव म्हणाले. “तुमच्या डोयासमोरच तं काढला!”

तेवढ्यात खालचा मुरूम निसटला, त्यामागोमाग काळा गाळ सुटला आणि पांढरी पँट गुडघ्यापासून खाली काळी झाली. लोक खो-खो हसले.

मंजुश्रीने माइक घेतला. “चिखल खालूनच सांडते, सर. म्हणून माही माय फडकं खाली बांधे. तुमी त्यालेच वरचं टोक समजले, अन् तसंच छापलं.”

काठावर जमलेले प्राध्यापक पुढे सरसावून सांडलेला मुरूम निरखू लागले.

“तुला माहीत होतं?” अर्जुनराव पुटपुटले. “मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तवा तुमी मले बोलू देलं असतं काय?”

त्यांनी पाय पुसायला काहीतरी मागितलं. मंजुश्रीच्या पर्समध्ये आईच्या लुगड्याचा शेवटचा तुकडा होता. तिने तो बाहेर काढला. त्यांचा हात पुढे आला. ती मात्र तुकडा खांद्यावर टाकून पाण्यात उतरली आणि दुसरा पाइप गाळात रोवला.

“माय, धर वं,” तिच्या तोंडून निघून गेलं.

काठावर कोणी हसलं नाही. रामरावांनी चपला काढल्या आणि पाण्यात उतरून पाइप धरला.