खणातला तीनशे

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. वय अकरा, आकार तीनशे सीसी, मुक्काम एका प्लास्टिक सर्जन बाईंच्या टेबलाचा दुसरा खण. छातीचा आकार वाढवायच्या शस्त्रक्रियेत आत केवढं रोपण बसवायचं, हे आधी कपड्यांच्या आत ठेवून बघतात. त्यासाठी आम्ही. आमच्यातला कोणी शरीरात जात नाही. आमची धाव कपड्यांपर्यंतच.

सिलिकॉनच्या साच्यातून आम्ही सहा भावंडं जन्मलो. दोनशेचा धाकटा, साडेचारशेचा थोरला. खण उघडला की आलेल्या बाईचा पहिला हात थोरल्याकडे जातो. मग सिस्टर तिला त्याच्यासकट जिना चढायला लावतात. दुसऱ्या मजल्यावर त्याची लोकप्रियता संपते आणि माझी आठवण होते. उमेदीच्या काळात “हाच बरा” हे मी किती वेळा ऐकलं! पुढे संगणक आला, पडद्यावरच नव्या आकाराची चित्रं दिसू लागली आणि माझ्यावर धूळ बसली. पण पडद्याला जिना चढता येत नाही, म्हणून सिस्टर मला अजून अधूनमधून पुसतात.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई आपल्या ताईला घेऊन आली. बाईचं वय चव्वेचाळीस. वयात आल्यापासून तिची उजवी बाजू लहान राहिलेली. आपल्या प्रत्येक कपड्यात त्या बाजूला ती कापसाची गादी शिवायची. शेकडो बायकांची मापं घेतलेल्या या बाईने स्वतःचं माप कधी कोणाला घेऊ दिलं नव्हतं. शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती, आकार त्याच दिवशी ठरवायचा होता. चुकला तर पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं.

डॉक्टरांनी टेपने रुंदी मोजली आणि दोनशे सुचवला. तिने मला उचललं.

“हा द्या. मी कापताना जादा कापडाची माया ठेवतेच. जास्त झालं तर आत घेता येतं. कमी पडलं तर काय जोडणार?”

“अहो, कातडीला कुठली माया?” डॉक्टर म्हणाल्या. “जादा भार तिलाच ओढत बसेल.”

“ऐक त्यांचं,” ताई म्हणाली. “तुझ्या मायेपायी माझ्या एकेका कपड्यात दोन माणसं मावतात.”

“फुकट शिवून घेतेस ना? मग गप्प बस.”

मला आत ठेवलं गेलं. खोटं कशाला बोलू, मी हरखलो होतो. माझ्यासाठी भांडणारं पहिलंच माणूस. सिस्टर म्हणाल्या, “रोज करता ते करून बघा.” ती टेबलावर ओणवी झाली, कापड कापायच्या बेताने हात पुढे नेला. मी गळ्याशी आलो. कोपर माझ्यावर आपटलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिने अंग तिरकं करून मला वाट दिली, आणि तशीच थांबली.

“हे तर तेच झालं,” ती हळूच म्हणाली. “गादीला सांभाळायचं ते आता याला सांभाळायचं.”

तिने स्वतःच मला काढून पुसलं आणि धाकट्याला घेतलं. ताईने पिशवीतून बहिणीचाच एक पातळ सदरा काढला. बिनगादीचा. शिवून ठेवलेला, कधीच न घातलेला. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली. समोरून बघितलं, बाजूने बघितलं.

“ताई, काही दिसतंय का गं?”

“काय दिसायला हवं?”

“काही नाही.”

“मग नाही दिसत काही,” ताई म्हणाली आणि स्वच्छ असलेला चष्मा पदराने पुसू लागली.

दोनशे ठरला. मी खणात परतलो, जरा हिरमुसलेला. तरी एक विनंती करतो. मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणावर अशी निवड करायची वेळ आली, तर घाई करू नका. रोजचे कपडे आणा, रोजची कामं करून बघा. आत बसवलेलं जन्मभर पुरतंच असं नाही, तेही डॉक्टरांना नीट विचारा. तोंडावर खरं बोलणारं एक माणूस सोबत आणा. आणि माझ्यासाठी अंग तिरकं करावं लागलं, तर मला खुशाल काढून ठेवा. मला वाईट वाटेल, पण खण बंद झाला की ते कोणाला दिसत नाही.