ओलं फडकं

नानांनी आपला उरलासुरला आवाज कांद्याला देऊन टाकला, याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. ज्यांना जमत असेल त्यांनी धरू नये.

नाना म्हणजे माझे वडील, मंडीतले वाळूभाऊ. हायवेला लागून असलेल्या कांदा मंडीत ते लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग, एकेका ट्रॉलीशी थांबणारा व्यापाऱ्यांचा घोळका, आणि सगळ्यांच्या पुढे डोक्याला उपरणं बांधलेले नाना. त्यांचा आवाज पार चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जायचा. ‘एक वार... दोन वार...’ आणि तिसऱ्या वाराला सौदा संपतो, त्याच्या आधी ते किंचित थांबायचे. त्या थांबण्यात एखाद्या व्यापाऱ्याचा धीर सुटायचा आणि तो बोली चढवायचा. मंडीतले शेतकरी त्या थांबण्यासाठी नानांना ओळखत. आपल्या ट्रॉलीशी वाळूभाऊच पुकारायला यावा, म्हणून लोक रांगेत मागे-पुढे सरकायचे.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर त्यांचा घसा बसला तो उठलाच नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. गळ्याला खाली एक भोक राहील, श्वास तिथूनच घ्यायचा, बोलणं संपलं. आई ते ऐकून रडली. नानांनी फक्त विचारलं, “ऑपरेशनला किती दिवस हायेत?”

दिवस विचारले ते रियाजसाठी. रियाज शेखचे अब्बा मंडीत गोण्या शिवायचे, त्यामुळे तो लहानपणापासून नानांच्या मागे मागे हिंडलेला. आता नाशिकला दूध बाजाराच्या बोळात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने दुकानाचं शटर ओढून घेतलं, आतून गोधड्या टांगल्या, आणि नानांपुढे माइक ठेवला. नाना घोगऱ्या आवाजात, मध्ये मध्ये गरम पाणी पीत, आकडे बोलत गेले. मग मंडीतले शब्द. मग एक वार, दोन वार, तीन वार.

मी तिथेच स्टुलावर बसले होते. शेवटी रियाज म्हणाला, “वाळूकाका, आता घरचं पण बोला ना थोडं. काकूंचं नाव घ्या, आशाचं घ्या. पुन्हा कधी होणार?”

नाना म्हणाले, “घरात हातवाऱ्यानं भागंल. मंडीत नाय भागायचं.”

घसा दुखत होता, हे मला कळत होतं. तरी माझं दोन अक्षरांचं नाव. ते घ्यायला असा कितीसा वेळ लागला असता?

ऑपरेशन झालं. मंडीतल्या साहेबांनी माणुसकी दाखवली, गेटवर बसून पावत्या फाडायचं काम देऊ केलं. नानांनी मान हलवली, नाही म्हणून. मग आता कायम सोबत ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, ‘पुकारणार.’ साहेब हसले नाहीत हे त्यांचं चांगुलपण. म्हणाले, “उन्हाळ कांद्याचा हंगाम सुरू झाला की मशीन घेऊन या. लिलाव न अडता चालला तर काम तुमचंच. अडला तर मात्र गेटवर बसायचं.”

रियाजचं मशीन म्हणजे कुठल्या तरी कुरिअर कंपनीने भंगारात काढलेला, हातात मावणारा कॉम्प्युटर. खाली मूठ, वर बटणं, छोटीशी काच. त्याला त्याने मोठा स्पीकर आणि जाड बॅटरी जोडली होती. बटण दाबलं की नानांचा आवाज यायचा, आणि कोणत्या आकड्यानंतर किती थांबायचं ते नानांच्या बोटावर होतं. घरी पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा आई चुलीपासून उठून बाहेर आली. ‘नऊशे पन्नास’ एवढंच म्हणत होतं ते. आई तेवढ्यावर खूश. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. घरात बसून कांद्याचे भाव ऐकायचे आणि त्यालाच नानांचं बोलणं मानायचं.

पण मशीन तापायचं. दुकानातल्या पंख्याखाली ठीक, एप्रिलच्या उन्हात उभं राहिलं की पंधरावीस मिनिटांत मुकं. स्वतःला जपायला ते आपोआप बंद पडायचं आणि गार होईपर्यंत काही केल्या सुरू व्हायचं नाही. नानांचं सगळं त्यावर अडलं होतं. गार ठेवायचं कसं, एवढाच प्रश्न उरला, आणि त्या प्रश्नाने घर व्यापून टाकलं.

रियाजने आधी बारका पंखा बसवला. भोकातून हवा आत, भोकातून बाहेर. मंडीत नेऊन पाहिलं. कांद्याच्या ढिगाजवळ हवेत साली आणि धूळ सारखी उडत असते; पंख्याने तीच ओढली आणि तासाभरात गचकला. उघडून पाहिलं तर आत लाल पापुद्र्यांचा भुगा. शिवाय तो चालू असताना नानांच्या आवाजामागे एक बारीक घरघर यायची. नानांनी पाटीवर लिहिलं, ‘मी आजारी वाटतो.’

मग रियाजने पंखा काढला, सगळी भोकं बुजवली आणि पाठीला खाचाखाचांची ॲल्युमिनियमची जाड प्लेट लावली. धूळ आत जायची सोय राहिली नाही, पण ऊन आणि आतली उष्णता मिळून पाठ तव्यासारखी व्हायची. छत्री सुचवली, तर एका हातात मशीन, दुसऱ्या हाताने बटणं, छत्री धरायला तिसरा हात कुठून आणायचा?

“एक उपाय हाय काका,” रियाज म्हणाला, “मधून मधून बंद ठेवायचं. दोनचार ट्रॉल्या झाल्या की थोडा दम घ्यायचा.”

नानांनी हात झटकून ते तिथेच तोडलं. लिलाव दम घेत नाही. व्यापाऱ्यांचा घोळका एकदा विस्कटला की पुन्हा तसा जमत नाही, आणि त्यानंतरच्या ट्रॉलीवाल्याचा भाव बसतो.

तेव्हा नानांनी कोपऱ्यातली आमची पाण्याची बाटली उचलली. मंडीतला प्रत्येक माणूस उन्हाळ्यात बाटलीला ओलं फडकं गुंडाळतो, वारा लागला की पाणी गार राहतं. त्यांनी बाटलीवरचं फडकं सोडलं, मशीनच्या पाठीवर ठेवलं आणि वरून रबरी पट्टा ओढला. रियाज हसायला लागला. उन्हात तासभर धरून पाहिलं, मशीन बंद पडलं नाही. भोकं बुजवलेली असल्याने पाणी आत जायचीही भीती नव्हती.

“हे आपल्याला आधी का नाय सुचलं?” तो म्हणाला.

ओलं फडकं आमच्या घरात आधीच एक होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गळ्याचं भोक उघडं ठेवायचं नाही. नाकाने श्वास घेतला की धूळ तिथे अडते, हवा ओली होऊन आत जाते. आता ते काम गळ्यावरच्या ओल्या मलमलीने करायचं. धुळीत जाऊच नका, असंही ते म्हणाले होते, पण ते नानांनी ऐकलंच नाही. आईने जुन्या धोतराची दोन फडकी शिवली. नाडी लावलेलं गळ्याचं, चौकोनी मशीनचं. रोज सकाळी माठाच्या पाण्यात दोन्ही भिजवून, पिळून त्यांच्या हातात द्यायची.

आणि लिलाव चालला. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहिलं. ट्रॉलीमागून ट्रॉली, नाना पुढे, हातातून त्यांचाच आवाज. ‘एक वार... दोन वार...’ बोट तिसऱ्या बटणावर टेकलेलं, दाबत नाही, दाबत नाही. एका व्यापाऱ्याने बोली चढवली. ट्रॉलीवर उभा असलेला शेतकरी नानांकडे बघून हसला आणि नाना मान ताठ करून पुढच्या ट्रॉलीकडे वळले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मला ते माझे नाना वाटले. मी रागावलेली होते तरी वाटले.

मे महिन्यात आईच्या लक्षात आलं. फडकी धुताना तिने मला हाक मारली. गळ्याच्या मलमलीवर काळपट रेघा उमटल्या होत्या, एकसारख्या, एकीखाली एक. ॲल्युमिनियमच्या खाचांच्या रेघा. मशीनचं चौकोनी फडकं मात्र कोरडं, घडी घालून खिशात.

आई म्हणाली, “हे फडकं यांच्या गळ्याला नव्हतंच.”

मी मंडीत जाऊन सोमा हमालाला विचारलं. त्याने पाठीवरची गोणी खाली ठेवली. मग म्हणाला, “मशीनवरचं लय लवकर वाळतं. नळ पार गेटापाशी, लिलाव सोडून कोण जाईल? गळ्यावरचं वाळत नाय, त्यांच्या श्वासानं ओलंच ऱ्हातं. मग ते सोडून मशीनला लावत्यात, तेवढ्यात लिलाव उरकतो.”

“आणि गळ्याला?”

सोमाने खाली पाहिलं. “उघडंच.”

त्या संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला श्वासापेक्षा कांदा मोठा आहे का? मागितलं असतं तर आईने तिसरं फडकं आणि पाण्याची बाटली दिली नसती का? नानांनी पाटी घेतली. हात दोन्ही अडकलेले असतात, असं लिहिलं. ते पुसलं. मग लिहिलं, ‘मी थांबलो तर त्यांचा भाव पडतो.’

आईने दुसऱ्या दिवसापासून चार फडकी आणि बाटली दिली. नानांनी मान डोलावून घेतली. संध्याकाळी बाटली भरलेलीच परत आली आणि गळ्याच्या फडक्यावर रेघा होत्या. मी पुन्हा भांडले. आई भांडली नाही. ती त्या रेघा घासत बसली.

महिनाअखेरीस त्यांना ताप भरला. गळ्याच्या भोकातून तांबूस चिकट घाण येऊ लागली, आणि त्यात बारीक लाल पापुद्रे. पंख्यात अडकले होते तेच. छातीत धूळ जाऊन न्यूमोनिया झाला, असं दवाखान्यात सांगितलं. खाटेवर नाना काही मागायचे तेव्हा हात हलवायचे. घरात हातवाऱ्यांनी भागेल म्हणाले होते, पण भागत नव्हतं. त्यांना काय हवंय ते मला कळायचंच नाही. पाणी दिलं की ते मान हलवायचे, उशी दिली की मान हलवायचे. शेवटी डोळे मिटून घ्यायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते गेले.

तेराव्यानंतर रियाज आला आणि त्याने मशीन तपासून आईपुढे ठेवलं. जाताना एवढंच म्हणाला, “काकू, हे अजून पक्कं चालतं. एकदाही बंद पडलं नाय.”

हेच मला सहन होत नाही. ते खरंच एकदाही बंद पडलं नाही.

आता दुपारी, मंडीत लिलाव सुरू व्हायची वेळ झाली की आई मशीन कपाटावरून काढते. फडकं भिजवते, पिळते, पाठीवर ठेवते, पट्टा ओढते. मग ओट्यावर बसून बटणं दाबते. आकडे तिला समजतात, पण ती ते ऐकत नाही, आवाज ऐकते. ‘एक वार,’ नाना म्हणतात. ‘दोन वार.’ आईचं बोट तिसऱ्या बटणावर टेकतं आणि तिथेच राहतं. दाबत नाही. मी आतून बघत असते. शेवटी ती बोट उचलते, मशीनच्या पाठीला हात लावते आणि मला म्हणते, “तापलं गं. ऱ्हाऊ दे आता.” आणि बंद करते.

एकदा ती आत गेल्यावर मी हात लावून पाहिला. फडक्याखाली पाठ थंडगार होती.