रायभानची घोंगडी ताडकळसच्या ओट्यावर

चपला काढून बसा, मित्रांनो. मी जुनी असले तरी घोंगडी आहे, पायपुसणं नव्हे. काठ थोडे झिजलेत, एका कोपऱ्याची उंदरानं चव घेतली आहे, पण ऊब अजून शाबूत आहे. विश्वास बसत नसेल तर हात लावून बघा. हां, आता नीट मांडी घाला आणि ऐका.

परभणीकडच्या झरी गावाच्या पुढं एका वस्तीवर रायभान नावाचा मेंढपाळ राहायचा. त्याच्या काळ्या मेंढरांची मी लोकर. त्यानं ती कातरली, त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं, पिंजून तिचं सूत काढलं आणि एका विणकरानं मला मागावर विणून चिंचोक्याची खळ चढवली. तेव्हा मी अशी कडक होते की भिंतीला टेकवली तर उभी राहायची! पाऊस माझ्यावर पडायचा आणि घरंगळून जायचा. रायभान मला डोक्यावर घेऊन दिवसभर कळपामागं हिंडायचा. नुकतं जन्मलेलं कोकरू माझ्यात गुंडाळलं जायचं, आणि रायभानचा मुलगा रामकिशन तापानं फणफणला की तोही माझ्यातच. असल्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. उलट मिरवायचे मी!

पण माझा खरा मान होता मुक्कामाला. सुगी सरली की रायभान कळप घेऊन गावोगाव जायचा. नव्या गावाच्या शिवारात पोचलं की सगळ्यात आधी मला झाडाखाली अंथरायचं, त्यावर घरच्या मोठ्या माणसानं बसायचं आणि गप्प राहायचं. कुणाला काही विचारायचं नाही, पाणीसुद्धा मागायचं नाही. मेंढरांचा रवंथ होईपर्यंत गावातलं कुणी येऊन "कुठले पाव्हणं?" असं विचारलं, तर मुक्काम तिथं. नाही विचारलं, तर मला गुंडाळायचं आणि पुढं चालायचं. रायभानच्या बापाची ही रीत. तो म्हणायचा, जे गाव आल्या माणसाला विचारत नाही, ते आपलं मेंढरू हरवलं तर शोधायला कशाला येईल? मला तर हे शंभर टक्के पटायचं.

मग दिवस फिरले. कळप विकत विकत चार मेंढरांवर आला. घरात वाघाचं चित्र असलेलं गुबगुबीत ब्लँकेट आलं आणि माझी रवानगी कुठं झाली ठाऊक आहे? रामकिशनच्या मोटारसायकलवर! सीट उन्हात तापू नये म्हणून मला तिच्यावर टाकायचे. जिनं पोरं वाढवली, कोकरं वाचवली, तिनं सीटची राखण करायची. लय राग यायचा, खरं सांगते.

अशात रामकिशनला दुधाच्या टँकरवर ड्रायव्हरचं कायमचं काम लागलं. पहाटे निघायचं आणि वस्तीचा रस्ता असा, की पावसाळ्यात गाडी माणसावर बसायची. त्याची मुलगी सोनू चौथी पास झाली होती आणि वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच. परभणीच्या आसपास, जाऊन-येऊन करता येईल अशा ठिकाणी बिऱ्हाड हलवायचं असं रामकिशन आणि त्याची बायको चंदा यांनी ठरवलं. मनकर्णाबाईची ना नव्हती. अडून बसला तो रायभान.

"तुमी जा. मेंढरं हितं, मी हितं."

आता म्हातारा राहणार म्हटल्यावर म्हातारी कशी जाईल? आणि सासू-सासऱ्याला माळावर टाकून जायला चंदा तयार नव्हती. सगळ्या घराला घोर लागला, एका घराची दोन घरं होतात की काय! शेवटी मनकर्णाबाईनं तोड काढली. "अवो, जागा तर बगा आधी. तुमच्या रीतीनं बगा." मग कुठं रायभान उठला, सीटवरून मला उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. माझा ऊर भरून आला.

पहिली जागा परभणीच्या कडेला, नव्या कॉलनीतला फ्लॅट. तिसरा मजला, फरशी अशी चकचकीत की मला तिच्यावर झोपायची भीती वाटली. रायभाननं मला हॉलच्या मधोमध अंथरलं आणि बसला. फ्लॅटचे मालक दिनकरराव किल्ल्या खुळखुळवत उभे.

"काका, बघून झालं का?"

"बगायलाव न्हाई. बसायलाव," रायभान म्हणाला.

बसला, बसला, बराच वेळ बसला. समोरचं दार एकदा बोटभर उघडलं आणि लागलं. रायभाननं मला गुंडाळलं. खाली उतरल्यावर रामकिशन बापावर भडकला. "दादा, फ्लॅटमदी कोन कुनाला येऊन इचारतं? हे काय माळरान हाय का?" रायभान नुसता चालत राहिला. तेव्हा रामकिशननं सांगून टाकलं, "आता एकच जागा ऱ्हायली, ताडकळसची. ती बी नगं म्हणलात, तर मी, चंदा अन् सोनू ह्याच फ्लॅटमदी येतोत. पोरीची शाळा काय आपल्यासाठी थांबनार न्हाई." मी खांद्यावरून सगळं ऐकत होते.

ताडकळसला सगळे एसटीनं गेलो. नेमका बाजाराचा दिवस. जागा मन्मथअप्पांची होती. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान, लागूनच राहतं घर आणि त्याला चिकटून दोन रिकाम्या खोल्या. पुढं ऐसपैस ओटा, मागं परस, परसात कडुनिंब. दुकानात गिऱ्हाइकांची रेटारेटी, म्हणून अप्पांनी किल्ली हातात दिली आणि "निवांत बघा" म्हणून ते काट्याकडं पळाले.

रायभाननं मला ओट्यावर अंथरलं, पागोटं सारखं केलं आणि बसला. आणि काय सांगू, मित्रांनो! तो पुरता टेकलाही नसेल, तोच एक जण थांबला. "कुठले पाव्हणं?" त्याच्या पाठोपाठ दुसरा. मग दोघी बाया. बघता बघता ओट्यापुढं घोळका जमला. रायभानचा चेहरा असा खुलला की मी तसा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "बगितलंस?" तो बायकोला म्हणाला. "लय मानुसकीचं गाव हाय. कसं इचारायलेत!" मीसुद्धा फुगले. रामकिशननं सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात एका माणसानं माझा कोपरा चिमटीत धरला, चोळला आणि विचारलं, "शेवटचा भाव काय?"

"कशाचा भाव?" रायभान म्हणाला.

"घोंगडीचा. एकच आणलाव का अजून हायेत? अन् लोकर अस्सल हाय का मिक्स?"

मिक्स! मला! पण माझ्या अपमानाचं राहू द्या. बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या रस्त्यावर, घोंगडी पसरून म्हातारा बसलाय म्हटल्यावर लोकांनी दुसरं काय समजावं? "कुठले" म्हणजे माल कुठला, एवढंच त्यांना हवं होतं. विकायची नाही म्हटल्यावर घोळका पांगला. रायभानकडं मला बघवेना. तो उठला आणि माझी घडी घालायला लागला. रामकिशननं तोंड फिरवलं. आता फ्लॅट, आता दोन घरं, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

तेव्हा चंदानं काय केलं असेल? ती माझ्या दुसऱ्या टोकावर चक्क बसली. घडी पडेना.

"मामा, थांबा जरा. रागावू नका, पन बोलते. मुक्कामाला आलेल्याला गावानं इचारायचं, खरं हाय. पन आपन मुक्कामाला आलाव का? आपन ऱ्हायला आलाव. मंग आपनच इचारायचं."

"काय इचारायचं?"

"ऱ्हाऊ का म्हणून!"

एवढं बोलून ती उठली आणि शेजारच्या दारात गेली. आतून चन्नबसम्मा आल्या, मन्मथअप्पांच्या घरच्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, पदराला ओले हात पुसत. चंदानं आडपडदा ठेवलाच नाही.

"काकू, आमी धनगराची मानसं. सासऱ्याची चार मेंढरं हायेत, ती बी येतील. सनावाराला आमच्यात मटन शिजतं. तुमाला चालत नसंल तर आत्ताच सांगा, मागून मन कडू व्हायला नको. चालत असंल, तर आमी हितं ऱ्हाऊ का?"

चन्नबसम्मांनी परसातल्या कडुनिंबाकडं नजर टाकली. मग म्हणाल्या, "मेंढरं लिंबाखाली बांधा, लेंड्या माझ्या फुलझाडांना टाका. मटणाचं मात्र, बाई, आमच्यात रोजची पूजा असते. तेवढी चूल परसाच्या त्या टोकाला मांडा, वारं तिकडंच जातं." आणि एकदम त्यांचे डोळे भरले. "आमची लेक महेश्वरी नांदायला गेली तेव्हापासून ह्या ओट्यावर कुणी बसलं न्हाई गं. घर खायला उठतंय मला. ऱ्हावा की!"

अप्पाही हाताची साखर झटकत, नमस्काराला हात जोडत आले. "शरणार्थ, पाव्हणं. गिऱ्हाइकाच्या नादात तुम्हाला चहाचंसुद्धा विचारलं न्हाई, माफ करा."

रायभान अर्धवट घातलेली घडी हातात धरून उभा होता. हळूच खाली वाकला. मला पुन्हा पसरलं, हातानं सुरकुत्या मोडल्या, बायकोला म्हणाला, "सरक गं थोडी." आणि अप्पांकडं बघून म्हणाला, "या, बसा."

मित्रांनो, परक्या गावात त्यानं कुणाला "या, बसा" म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. चहा झाला. कपबशी खाली ठेवून त्यानं लेकाला हाक मारली.

"रामकिशन, टेम्पो एकच सांग. मेंढरं, पेट्या, ही म्हातारी अन् मी, समदे एकदाच येतोत."

"म्हातारी कुनाला म्हणायलाव?" मनकर्णाबाई म्हणाली, आणि हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला.

तर असं आहे. माझी निगा अवघड नाही. अधूनमधून ऊन दाखवा, काठीनं झटका, ठेवायची झाली तर कडुनिंबाचा पाला घाला. वॉशिंग मशीनमध्ये कोंबू नका, हात जोडते. आणि शेजाऱ्यांची निगा त्याहून सोपी. तुमच्या गल्लीत कुणी नवं सामान उतरवत असेल, तर खिडकीतून बघत बसू नका, जाऊन विचारा. तुम्हीच नवे असाल, तर कुणी येईल म्हणून थांबू नका, दार तुम्ही वाजवा. रायभानला हे कळायला सत्तरी उलटावी लागली. तुम्हाला तर अजून मिसरूड फुटायचंय. उठा, सुरुवात करा!